एक जूनचा नियम

फिलोमिना लोबोसमोर ‘परवा’ म्हणायची सोय नव्हती. परवाचं टपाल असो की परवाची मीटिंग, ती चष्म्यावरून बघून विचारायची, “गेलेला परवा की येणारा?” कुणी दोन-चार दिवसांत काम होईल असं म्हटलं की लगेच, “दोन की चार?” एका म्हाताऱ्या सभासदाने “पावसाच्या आदी पैसे मिळतले मा?” असं विचारलं, तेव्हा तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. “हेच्यात पाऊस खंय आसा तो दाखव माका, मगे सांगतंय.”

हा लेख खरं तर तिच्यावर मागवलेला नाही. आमच्या मच्छीमार संघाचे माजी अध्यक्ष दाजीसाहेब यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करतात. त्यांच्या गौरव-अंकासाठी समितीने मला चार पानं आठवणी लिहायला सांगितल्या. मी संघात हेडक्लार्क होतो आणि त्यांच्या केबिनच्या दाराशी माझं टेबल होतं, म्हणून. सोबत मुद्देही आले, म्हणजे मला डोकं चालवायला नको. त्यातला एक असा: ‘संगणक ऑपरेटरच्या चुकीमुळे वृद्ध मच्छीमारांच्या अर्जांचा झालेला घोळ साहेबांनी लेखी आदेश देऊन एका संध्याकाळी निस्तरला.’ तो वाचला आणि ठरवलं की चार पानं लिहायचीच. दाजीसाहेब त्यात येतील. त्यांनी काळजी करू नये.

संघाचं ऑफिस ओरोसला, भाड्याच्या तीन खोल्यांत. मी देवगडजवळच्या जामसंड्याचा, आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचो. फिलोमिना आमची संगणक ऑपरेटर, रोज मालवणहून एसटीने यायची. ठेंगणी, अंगाने भरलेली, स्वतः शिवलेले करडे नाहीतर निळे फ्रॉक घालणारी. हातात पुरुषी घड्याळ. ते तिच्या वडिलांचं, बोटीवर असताना त्यांनी घेतलेलं. त्याच्या तबकडीत तारखेची बारीकशी खिडकी होती. तीस दिवसांचा महिना संपला की ते घड्याळ एकतीस दाखवायचं. मग पहिल्या तारखेला ती आल्या आल्या पर्स बाजूला ठेवून आधी चावी फिरवून तारीख पुढे घ्यायची. ते होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. शिपाईसुद्धा चहा घेऊन दारात थांबायचा.

राग धरण्यात तिचा हात धरणारा मी पाहिला नाही. एकदा सकाळच्या गाडीच्या कंडक्टरने तिला धावत येताना बघूनही डबल बेल दिली. त्या दिवसापासून ती त्या गाडीत बसली नाही. पुढच्या गाडीसाठी स्टँडवर ताटकळायची. तो कंडक्टर दुसऱ्या डेपोत गेला, पुढे रिटायर झाला, एसटीने ती गाडीसुद्धा मोडीत काढून नवी आणली. मी म्हटलं, आता तरी बसा. ती म्हणाली, “माणूस बदललो म्हणान गाडयेचो गुन्हो सुटता काय, सावंतानू?”

तिच्या रागाची यादी तोंडी कधीच ऐकायला मिळत नसे. ती नाताळात कळायची. घरी आईबरोबर ती दोदोल करायची. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ तासन्‌तास घोटून केलेली ती वडी. स्टीलच्या डब्यातून आणून, केळीच्या पानाच्या तुकड्यावर एकेक वडी ती प्रत्येकाच्या टेबलावर ठेवत जायची. काही न बोलता. ज्याच्या टेबलावर पान पडलं नाही, त्याने वर्षभरात आपण काय केलं ते आठवत बसायचं. एका वर्षी आमच्या अकाउंटंटला वगळलं. त्याने आठवून आठवून शेवटी जाऊन माफी मागितली, तर ती म्हणाली, “ता न्हय. पण ह्याय लिवन ठेवतंय.”

अशा बाईच्या हाती संघाने तारखा दिल्या, याहून योग्य काम कुणाला दिलं गेलेलं मला माहीत नाही.

झालं असं, की साठ ओलांडलेल्या मच्छीमारांसाठी संघाने मदत-योजना काढली आणि अर्ज कॉम्प्युटरवर भरून घ्यायचे ठरवले. तो फॉर्म फिलोमिनाने तयार केला. जन्मतारखेच्या चौकटीमागे तिने स्क्रिप्ट लिहिली होती. म्हणजे चौकटीत काही टाइप केलं, की ही तारीख असू शकते का हे फॉर्म स्वतःच तपासणार, आणि नसेल तर चौकट लाल करून खाली कारण सांगणार. ते तपासायला तिने मला बसवलं. “सावंतानू, वायटातली वायट तारीख घाला.” मी तीस फेब्रुवारी घातली. लाल. एकतीस एप्रिल घातली. लाल. तेरावा महिना घातला तेव्हा खाली अक्षरं उमटली: ‘ही तारीख खंयच्या कॅलेंडरात गावली?’ दाजीसाहेबांनी ते बघून मालवणी काढायला लावली आणि शुद्ध मराठी घालायला सांगितली. तिने घातली, पण त्या दिवशी साहेबांच्या नावाने तिच्या मनात पहिली नोंद झाली असावी.

मग मी साल नुसतं ‘५०’ असं लिहिलं. फॉर्मने मुकाट्याने घेतलं आणि पुढच्याच चौकटीत सांगितलं की अर्जदाराचं वय कमी आहे. ती खूश झाली. चूक सापडली की ती नेहमीच खूश व्हायची. तिने समजावलं, की यंत्राने पन्नास म्हणजे दोन हजार पन्नास धरलं, या माणसाला अजून जन्म घ्यायचाय. “पोरासारखा आसा हा. सांगाल तितक्याच समाजता.” त्या दुपारी तिने साल चार आकडी सक्तीचं केलं. होडीच्या परवान्याची तारीख अर्जदाराच्या जन्माआधीची असेल तर तीही अडवली. हे तिला आधीच सुचलं होतं, कारण आमच्याकडे बापाचा परवाना मुलाच्या नावावर होतो आणि मुलगा अभिमानाने बापाचीच तारीख सांगतो.

अर्ज भरून घ्यायचं पहिलं शिबिर तारकर्लीला, शाळेच्या व्हरांड्यात. फिलोमिना लॅपटॉप घेऊन बसली, मी शेजारी दाखले बघायला. पहिल्या म्हाताऱ्याची जन्मतारीख एक जून. दुसऱ्याची एक जून. तिसरा जानू तांडेल. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारा म्हातारा, पाय वाळूने फुटलेले. त्याचीही एक जूनच. फिलोमिनाने चष्मा वर सरकवला.

“तुमी सगळे एकाच दिसाक जल्मलास?”

“बाये, एक जूनाक मासेमारी बंद, होडये वर काढतत,” जानू म्हणाला. “आवशींका तवाच काय ती सवड.”

व्हरांडा हसला. तीही हसली, तोंडावर हात धरून. कारण सगळ्यांनाच माहीत होतं. त्या काळी पोर शाळेत घालताना आई-बाप सांगायचे, नारळी पुनवेच्या आसपास झाला, नाहीतर गेल्याच्या गेल्या शिमग्यात. मास्तर वय बसेल असं साल धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. या किनाऱ्यावर त्या पिढीत एक जूनला जेवढी माणसं जन्मली, तेवढी वर्षातल्या बाकीच्या दिवसांत मिळून जन्मली नसतील.

मला वाटलं होतं की तारखांच्या बाबतीत इतकी कडक बाई आता भांडेल. ती भांडली नाही. शाळेच्या दाखल्यावर आहे ती तारीख, असं म्हणत तिने एकेक अर्ज पुढे घेतला. परतीच्या गाडीत मी छेडलं, तर म्हणाली, खरं-खोटं करायचं काम फॉर्मचं नाही. असू शकते का, एवढंच त्याने बघायचं. “एक जून असूच शकता. मास्तरान चूक केली तर ती म्हाताऱ्यान कित्याक फेडूची?”

आता दाजीसाहेब.

दाजीसाहेब गोड बोलायचे. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे. कुणाला ‘नाही’ म्हणालेले मी त्यांना कधी ऐकलं नाही, कारण ‘नाही’ ते नेहमी दुसऱ्याच्या तोंडून म्हणवून घेत. योजनेसाठी जमलेला निधी थोडा आणि अर्ज फार आले, तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, हे एक जूनवाले सगळे बोगस दिसतात, तपासणीत आपल्यावर येईल. फॉर्ममध्येच अडवायला सांगा तिला. खाली काय लिहून यायचं तो मजकूरही त्यांनीच सांगितला: ‘आपली जन्मतारीख संशयास्पद आहे. मूळ पुराव्यासह अध्यक्षांच्या कार्यालयात समक्ष हजर राहावे.’ लेखी आदेश मागाहून काढतो म्हणाले. मला कळत होतं की बोगस वगैरे काही नाही. अर्ज कमी करायचे होते, आणि शिव्या यंत्राला बसायला हव्या होत्या.

मी तिच्या टेबलाशी गेलो आणि सांगितलं. तिने हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

“लेखी?”

“येतंय.”

“कधी?”

“उद्या.”

मी दिवस सांगितला म्हणून तिने विश्वास ठेवला. नुसतं ‘येईल’ म्हटलं असतं तर तिने बोटही हलवलं नसतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. तो उद्या उजाडला आणि गेला. आदेश आला नाही.

पुढच्या शिबिरांत चौकटी लाल व्हायला लागल्या, आणि आधी भरलेले अर्जही पुन्हा तपासले जाऊन अडले. म्हातारी माणसं दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन-दोन गाड्या बदलून ओरोसला यायला लागली. आपला जन्म संशयास्पद कसा, हे विचारायला. जानू तांडेल आला तेव्हा दाजीसाहेब केबिनबाहेर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ऑपरेटरबाईंनी काहीतरी चुकीचं घातलंय, मी बघतो. फिलोमिना चार हातांवर बसली होती. ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी फाइल उघडली.

संचालकांची मीटिंग झाली. तिने सांगितलं की सूचना साहेबांची, निरोप सावंतांचा. साहेबांनी मान हलवून मोठ्या दुःखाने मला विचारलं, “सावंत, तुम्ही असं काही सांगितलं होतं?”

माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मी म्हणालो, “आठवत नाही.”

तिने घड्याळात बघितलं. मला वाटलं वेळ बघते आहे. बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळून जाताना ती हळू आवाजात म्हणाली, “तारीख बगून ठेवलंय, सावंतानू.”

तिला महिन्याची नोटीस मिळाली. इतिवृत्तात लिहिलं गेलं: संगणक ऑपरेटरची अक्षम्य चूक. अक्षर माझं. इतिवृत्त मीच लिहायचो.

आणि नियम मात्र तसाच राहिला. दुरुस्ती सुरू आहे, असं साहेब सगळ्यांना सांगत होते. तिला नियम काढायला त्यांनी सांगितलं नाही, आणि ती विचारायला गेली नाही. अर्जांची शेवटची तारीख जवळ येत होती. ती उलटली की एक जूनवाले आपोआप बाद होणार, कुणी कुणाला ‘नाही’ न म्हणता.

त्या महिन्यात तिच्याकडे एकच काम दिलं होतं. सगळ्या सभासदांच्या ओळखपत्राचा फॉर्म. त्याचं उद्‌घाटन ओरोसच्या एका हॉलमध्ये ठरलं. मोठा पडदा, पाहुणे, फोटोग्राफर. पहिलं ओळखपत्र अर्थातच दाजीसाहेबांचं, आणि ते स्वतः फॉर्म भरून दाखवणार होते. आदल्या दिवशी मी तिला विचारलं की जन्मतारखेला याही फॉर्ममध्ये तीच स्क्रिप्ट आहे का. ती म्हणाली, “नियम सगळ्यांका एक. दुसरो लेखी खंय आयलोहा?”

दाजीसाहेबांचा वाढदिवस घरी दत्तजयंतीला व्हायचा, पेढे त्याच दिवशी वाटले जायचे. कागदावरची तारीख त्यांना स्वतःला कधी लागलीच नाही, कारण त्यांचे सगळे कागद मी भरायचो. ती तारीख मला पाठ होती. साहेबांना सावध करायला माझ्याकडे अख्खी संध्याकाळ होती. मी केबिनच्या दारापर्यंत गेलो, आत डोकावलो, ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की बाई कामातून गेलेली आहे. मी परत येऊन टेबलाशी बसलो. मीटिंगमध्ये गप्प बसलो ती भीती होती. या वेळी गप्प बसलो त्यात मला गोडी वाटली, आणि आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मागच्या खुर्च्यांवर तारकर्लीची मंडळी होती. साहेबांनी फोटोसाठी मान तिरकी ठेवून नाव टाइप केलं, गाव टाइप केलं. जन्मतारखेपाशी थांबले आणि बाजूला उभ्या असलेल्या मला विचारलं, “सावंत, माझी कागदावरची तारीख?”

“एक जून, साहेब,” मी म्हणालो. माइक जवळच होता.

त्यांच्या लक्षात आलं असेलही, पण बोटं पुढे गेली होती. शेवटचा आकडा पडला आणि पडद्यावर हातभर चौकट लाल झाली. खाली त्यांचाच मजकूर, टपोऱ्या अक्षरांत: ‘आपली जन्मतारीख संशयास्पद आहे. मूळ पुराव्यासह अध्यक्षांच्या कार्यालयात समक्ष हजर राहावे.’

मग मागून जानू तांडेलचा आवाज आला, “दाजी, तूय आमच्यातलोच काय रे?”

हसण्याची लाट पुढच्या पाहुण्यांपर्यंत येऊन फुटली. साहेबांनी हसतच, ओठ न हलवता फिलोमिनाला काय करायचं ते विचारलं. ती त्यांच्या शेजारीच उभी होती. ऑफिसात ती साहेबांशी नेहमी पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी नाही बोलली.

“साहेब, तुमका आता तुमच्याच हापिसात जावन तुमकाच भेटूचा लागतला.”

ते म्हणाले, काढा तो नियम. तिने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. “लेखी द्या.” सगळे बघत होते, फोटोग्राफरही. त्यांनी लिहिलं की एक जून या जन्मतारखेवरील अट दोन्ही फॉर्ममधून काढावी. सही केली. तिने कागद वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला. “तारीख घाला.”

त्यांनी घड्याळासाठी मनगट शोधलं. तिने आपलं पुढे धरलं.

त्या संध्याकाळी तिने अट काढली. अडलेले अर्ज मुदतीच्या आत पुढे गेले, जानूचाही गेला. नोकरी मात्र वाचली नाही. आणि तिने मोठ्या खुमारीने घेतलेला तो कागदच पुढे साहेबांच्या कामी आला. ऑपरेटरची चूक साहेबांनी लेखी आदेश देऊन दुरुस्त केली, असं पुढच्या अहवालात छापलं गेलं, तेच आता गौरव-अंकात येणार होतं. माझ्या इतिवृत्तातली ‘अक्षम्य चूक’ ही त्याच्यामागची साक्ष. चूक कुणी करायला लावली, ते लिहिलेला कागद जगात नाही. फक्त मी आहे.

तिचा शेवटचा दिवस नाताळच्या आदल्या आठवड्यात आला. डबा आणला होता. शिपायाला दोन वड्या, बाकीच्यांना एकेक, अकाउंटंटलाही त्या वर्षी मिळाली. माझ्या टेबलाशी ती आली, डबा दुसऱ्या हातात घेतला आणि पुढे गेली. केबिनकडे तर वळलीच नाही.

मग कितीतरी वर्षांनी, गेल्या नाताळात, मी मालवणला गेलो. तिने स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान काढल्याचं कळलं होतं. एसटीच्या सवलत-कार्डाचं काम होतं. ते देवगडलाही झालं असतं. दुकानात बरीच माणसं होती. केस पांढरे झालेले, घड्याळ तेच. काउंटरवर स्टीलचा डबा उघडा. एकेकाचं काम झालं की ती पावतीबरोबर पानावर वडी देत होती. अनोळखी माणसांनाही.

माझी पाळी आली. तिने ओळख दाखवली नाही आणि लपवलीही नाही. नाव विचारलं, गाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मी सांगितली ती टाइप केली, चौकट हिरवी झाली. प्रिंट निघाला. पावती आणि सुट्टे पैसे माझ्यापुढे ठेवले. डब्याकडे हात गेला नाही.

मी म्हणालो, “लोबो मॅडम, एक दिवस मी सगळं लिहून काढणार आहे. जसं झालं तसं.”

ती पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद घेत होती.

“दिवस कोणतो?”

मागच्या बाईने मला जरा सरकायला सांगितलं. मी बाहेर आलो. रस्त्यावरून वळून बघितलं, तर ती पडद्याकडे तोंड करून त्या बाईला बजावत होती, साल चार आकडी सांगा.

तो दिवस आता सांगतो. समितीने दाजीसाहेबांची जन्मतारीख त्यांच्या ओळखपत्रावरून घेतली आहे, त्यामुळे पंच्याहत्तरीचा मंडप बरोबर त्या तारखेलाच उभा राहणार आहे. हा लेख अंकात येईल की नाही, मला शंका आहे. म्हणून मी प्रती काढून ठेवल्या आहेत. दारात उभा राहून देईन, पहिली प्रत सत्कारमूर्तींच्या हातात. खाली माझी सही आहे.

लोबो मॅडम, एक जून.